मिठाच्या राशीची जागा

बाबा, तुमची, माझी आणि खाडीकाठच्या आपल्या सगळ्या माणसांची एक तक्रार जुनी आहे. बाहेरून नकाशा घेऊन जो येतो, त्याला आपली जमीन रिकामी दिसते. ज्या मिठाच्या आगरात तुम्ही जन्मभर उन्हाचं पीक काढलंत, त्याच्यापुढे कागदावर 'पडीक' एवढाच शब्द असायचा. त्या एका शब्दावर मी किती सभा गाजवल्या. तुम्ही जाण्याआधी त्यातल्या पहिल्या दोन-तीनच ऐकल्यात. आज सांगायचंय ते वेगळं आहे. यंदा नकाशा घेऊन आलेला माणूस मीच होतो.

डोंबिवलीतल्या आमच्या कार्यालयात सौरऊर्जेसाठी जागा निवडायचं काम चालतं. संगणकावर एकाच भागाचे अनेक नकाशे एकमेकांवर ठेवायचे: ऊन किती, उतार किती, सावली कुणाची पडते, विजेची तार किती लांब, भरती कुठवर येते. सगळ्यांचं जिथे जमतं तिथे हिरवा ठिपका उमटतो. कोलशेतच्या आपल्या मासळीवाल्या बायकांना बर्फघरासाठी सौर पॅनल हवे होते. वीज गेली की त्यांची मासळी नासायची. ठिपका उमटला तो थेट आपल्या जुन्या आगरात. सपाट, मोकळी, दिवसभर उन्हातली जागा. मला इतका हर्ष झाला की देवळाच्या मंडपात मी तासभर बोललो. ज्या उन्हाने आपल्याला मीठ दिलं तेच आता वीज देईल, म्हणालो, आणि टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर तुमच्याबरोबर मिठाच्या टोपल्या वाहिलेली आत्या भिंतीला टेकूनच म्हणाली, "बाला, बोलतंस त बापसापरीस बरा. पन थय पानी कवरा चरतं, ता तुजे नकाशान हाय का?"

"आहे ना आत्या. भरतीची रेषा पार खाली आहे."

"बांद फुटल्याला किती वरसा झाली? तुजे रेषेला कोनी सांगला नाय वाटतं."

"रेषा वर्तकनगरान ऱ्हाते, आत्या, तिला काय ठाव," मागून कुणीतरी म्हणालं आणि मंडप हसला. मी गाव सोडून वर्तकनगरला राहायला गेलो, त्याचा हा टोमणा. पण खरा होता. भरतीचा नकाशा बांध फुटण्याआधीचा होता आणि मी तो तपासला नव्हता.

आत्याने अमावस्येच्या उधाणाला बोलावलं. भर दुपारी आम्ही दोघं बांधावर उभे आहोत. फुटक्या जागेतून पाणी आवाज न करता आत येतंय, आणि बघता बघता माझा हिरवा ठिपका गुडघाभर पाण्यात जातो. तिथेच मला तो दिवस आठवला. शाळेतल्या वक्तृत्वाच्या बक्षिसाचा पहिला पेला घेऊन मी धावत आगरात आलो होतो आणि तुम्हाला सगळं भाषण पुन्हा म्हणून दाखवलं होतं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. मग म्हणालात, "बोलतंस चांगला. पन पाय कुठं ठेवलेस ता बग." मी नुकत्याच धरलेल्या मिठाच्या सायीवर उभा होतो. कित्येक दिवसांच्या उन्हाची मेहनत माझ्या टाचांखाली मोडली होती. मला वाटलं होतं, तुम्हाला भाषण कळलंच नाही. तो राग मी पुष्कळ वर्षं जपला.

आत्याने कोपराने ढोसून पलीकडचा उंचवटा दाखवला. चारी बाजूंनी पाणी आणि तो कोरडा. "तुजा बापूस मिठाची रास थयच कना लावायचा?" तिने विचारलं. ऊन, वारा, उतार, पाणी, वाटेपासूनचं अंतर, सगळं तुम्ही एकाच जागेत बसवलं होतंत, बाबा. संगणकाने ती जागा टाकून दिली होती, कारण लहान आणि वाकडे तुकडे वगळायचे, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. आता पॅनल तिथेच उभे आहेत. खाऱ्या वाऱ्याने गंजू नयेत म्हणून सांगाडे जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. बर्फघर चालतं. परवा आत्याने डबाभर सुकट दिली आणि म्हणाली, "नकाशाला पन जरा चाखव."

मी समाधानात आहे. एकच सलतं. अहवालात मी 'स्थळपाहणीनंतर जागा बदलली' एवढंच लिहिलं, आणि पॅनल सुरू झाले त्या दिवशी भरल्या मंडपात तुमचं नाव घ्यायला माझी जीभ वळली नाही. माझी चूक सांगितल्याशिवाय तुमचं नाव घेता आलं नसतं, म्हणून. हे पत्र टपालात पडणार नाही. उद्या कार्यालयात नवी मुलं शिकायला येणार आहेत, त्यांच्यापुढे ते वाचेन, तुमच्या नावासकट. आणि भाषण न करता एवढंच सांगेन: ठिपका नक्की करण्याआधी गावातलं सर्वांत जुनं माणूस सोबत घ्या आणि उधाणाच्या दिवशी त्या जागेवर स्वतःच्या पायांनी उभे राहा.