गाडी तीच, आवाज परका

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. ९ नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप वीरभद्रप्पा काकांना पुतण्या संगप्पाचा पाय धरून नमस्कार. दुधनीच्या थंडीत तुमचा डावा गुडघा काय म्हणतो? काकूंचा खोकला गेला का? हितं सगळे खुशाल आहेत, आप्पांचा ट्रक सोडून. (रागावू नका, आधी पत्र पुरतं वाचा.)

जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळेनात, म्हणून ते काढून दुसऱ्या कंपनीचं बसवलं. इमामसाब मिस्त्री म्हणाले, चारच बोटांचा फरक आहे. त्या चार बोटांनी आम्हाला पंधरा दिवस नाचवलं. नवं इंजिन लांब, त्यामुळं पंखा रेडिएटरला घासायला लागला. रेडिएटर पुढं सरकवला तर बॉनेट मिटेना (सध्या दोरीनं बांधलंय). गिअरबॉक्स जुळवायला मधे लोखंडी प्लेट घातली, तर गिअरचा दांडा नेमका माझ्या पायाशी आला. तिसरा गिअर टाकला की गुडघा ठेचलाच. आता घराण्यात दोन डावे गुडघे दुखतात.

सगळं मोजलं, आवाज तेवढा मोजायचा राहिला. आईच्या मोतीबिंदूचं तुम्हाला ठाऊकच आहे. गाडी वळसंगच्या ओढ्याजवळ आली की आवाजावरनं ती तवा टाकायची, आणि आपण दारात उतरेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. नवं इंजिन घेऊन पहिल्यांदा घरी गेलो तर चूल गार. दारात येऊन विचारते, "कुणाची गाडी आणलीस? आपली कुटं हाय?" मी तिचा हात बॉनेटवर ठेवला. चाचपून म्हणाली, "पत्रा आपला हाय. आत दुसराच कोण तरी बोलतोय." काका, आप्पा वारल्यावर तुम्ही पहिल्यांदा हीच गाडी घेऊन घरी गेलात, तेव्हाही तिनं आवाज ऐकून तवा टाकला होता.

आपला आज्ञाधारक (इंजिनाचं तेवढं विचारायचं राहिलं),
संगप्पा

ता. क. जुनं इंजिन मोडीत घातलेलं नाही. वळसंगच्या गोठ्यात ओंडक्यांवर ठेवलंय. बॅटरी जोडली, डिझेल घातलं, पण तुमच्या कानडी शिव्या खाल्ल्याशिवाय ते कधी सुरू झालंय? सोमवारी गाडी उभीच असते, तेव्हा या. आईला एकदा ऐकवू.

आणखी एक. तुमच्याशी खोटं कशाला लिहू? आई चौथ्या दिवशीच नवा आवाज ओळखायला लागली. आता भाकरी पहिल्यासारखीच गरम मिळते. जुन्या आवाजाशिवाय ओढा ओलांडताना आप्पा बरोबर आहेत असं वाटत नाही, ते मला. आईचं नाव उगीच पुढं केलं. ऐकायचंय मलाच.