डांबराखालचं सागवान

भातकुली, मंगळवार, मार्च १९५९

तीन दिवस झाले, हा महादेव रंगारी एकच खिडकी खरवडून राहिला! शनिवारी पोरीले पाहाले पाहुणे येतेत. म्हटलं, "काहून रे, पोरीले नातू झाल्यावर रंग लावशीन काय?"

"काकू, आधी हात फिरवून पाहा."

फिरवला. सासऱ्यानं वाळवीपायी फासलेल्या डांबराखाली असं सागवान! ताज्या गुळावानी पिवळं. वीस वर्षं तिथंच बसून डाळ निवडली, मले कळलं नाही. त्याले कळलं.

"यावर मी रंग नाही लावत. जवसाचं तेल पाजतो."

मानी माणूस! आवडलं मले.

पण आमच्या मालकांनी अकोल्याहून हिरव्या रंगाचा डबा आणला ना. जेवताना त्यायले सांगून टाकलं, "तेल का रंग, शुक्रवारी सकाळी सांगा. नाही बोलले तर खिडकीले तेल, अन् तुमचा डबा गोठ्याच्या दाराले."