दिन्याला माझ्याकडे आणायचंय

३ जुलै
दिन्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. आमच्या बुरोंडीच्या जेटीवर जाळ्यावरून भांडण, रागात वल्हं उचललं, गावातल्याच महादेवचा हात मोडला. सगळं जसं झालं तसं सांगितलं. वाटलं, आता शिक्षा. पण जजसाहेब म्हणाले, पहिलाच गुन्हा आहे, तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडता येतं का बघू. प्रोबेशनचा अहवाल मागवलाय. म्हणजे माझा भाऊ सुटू शकतो! फक्त घरचं कोणीतरी जबाबदारी घ्यायला हवं.

५ जुलै
दादाला फोन केला. आईबाबांमागे दिन्या त्याच्याकडेच वाढला. अटक झाली तेव्हा दादा जामीन राहिला नाही, म्हणून दिन्या अजून कोठडीत; तरी वाटलं आता तरी...
"गावात तोंड दाखवायची सोय ठेवली नाय त्याने. माझ्या घरात नको." ठेवलाच फोन. धाकट्याला थोरल्याने सांभाळायचं ही रीत. थोरलाच नको म्हणाला तर?

७ जुलै
मी आणला तर? लग्न झालेल्या बहिणीकडे भाऊ, तोही तुरुंगातून. जयगडभर चर्चा. हे जहाजावर. व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "माझी ना नाही. पण आईला विचार." दिवसभर मी विचारायला गेले नि परत फिरले.

८ जुलै
विचारलं!! सासूबाई कोलंबी सोलत होत्या. मान वर केली नाही.
"भाऊबीजेला ओवाळतेस ना गो त्याला?"
"हो."
"मग? भाऊ काय नुसता ओवाळणी घालायला?" मग पुढची कोलंबी उचलत, "पडवीत झोपूदे. माझ्या डोळ्यांसमोर."
तशीच मिठी मारली. दोघींच्या लुगड्या-गाऊनला कोलंबीचा वास.

१५ जुलै
प्रोबेशनच्या मॅडम घर बघायला आल्या. शेजारणी दारात. मॅडमनी विचारलं, "परत राग आला त्याला तर?" सासूबाई म्हणाल्या, "राग येऊदे. हात उचललान तर पहिला फोन तुम्हालाच." मॅडम हसल्या, पण लिहून घेतलं.

२९ जुलै
सुटला! सुटला! बंधपत्रावर त्याच्याखाली मीही सही केली. दर महिन्याला मॅडमना भेटायचं, दारू नाही, भांडण नाही. बाहेर येऊन दिन्या म्हणाला, "आक्का, नीट वाचलंस ना? मी चुकलो तर तुलाही बोलावतील."
"वाचलं. चल, भूक लागलीय."

४ ऑगस्ट
बाजारात एकाने मुद्दाम मोठ्याने "कैदी" म्हटलं. दिन्याची मूठ वळली. मी बघितलं. मग त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली नि चालू लागला. मला रस्त्यातच नाचावंसं वाटत होतं.

९ ऑगस्ट
महादेवचा फोन, माझ्याच नंबरवर.
"कोर्टात मी हरकत घेतली नाय, ताई. पण हातात अजून वल्हं धरवत नाय मला. त्याला सांग, समोर येऊन तोंडाने माझ्याशी बोल."
दिन्याला सांगितलं. "जातो" म्हणाला. मग "आत्ता नको." मग न्हाणीत जाऊन बराच वेळ आलाच नाही. बाहेर आला तो दाढी करून. मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या, तुम्ही सोबत असाल तर जा. सासूबाईही निघाल्यात, नको म्हटलं तरी.
उद्या सकाळी तवसाळची फेरीबोट, मग दाभोळची, तिथून बुरोंडी. महादेवचं घर दादाच्या घरावरूनच पुढे. दिन्याने विचारलं, "दादाकडे थांबायचं?"
मी डब्यात दादापुरत्याही दोन भाकऱ्या बांधल्या. थांबायचं की नाही, ते त्याच्या दारात ठरवू.