चार बोटे उंच सांडवा

मी, बेलगासेम बिन धाऊ, वय त्रेपन्न, धंदा दगडी बांध घालणे व जमिनीचे नकाशे काढणे (शाळा चौथीपर्यंत, पुढचे शिक्षण ओढ्याकडे), राहणार बनी झरदाब, दाहर डोंगर, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. सोमवारपासून थोडे तरंगते, पण त्याला कारण आहे: सोमवारी, मी गावासाठी काढलेला नकाशा नगरपालिकेने मंजूर केला. घरे खडकावर, झाडे मातीत, पाण्याच्या वाटेत काहीही नाही. शिक्क्यासकट. तेव्हापासून मी रस्त्याने गात जातो अशी बायकोची तक्रार आहे. ती खरी आहे.

बाप मेला की पोरे त्याचा नकाशा चुलीला लावतात, म्हणून हा कागद.

कलम १. मालमत्तेचे दोन तृतीयांश कायद्याने बायकामुलांकडे जातील. त्यात मी नाक खुपसत नाही. उरलेल्या तिसऱ्या हिश्श्यात मात्र पुरेपूर खुपसतो.

कलम २. मुलगा नूरी याने फ्रान्सहून फोनवर विचारले होते, "बाबा, ओढ्यात एवढी सपाट जागा रिकामी पडलीय. पाहुण्यांसाठी आठ खोल्या काढू?" त्याचे उत्तर इथे पुन्हा देतो: रिकामी नाही रे, पाणी बाहेरगावी गेलंय. ते परतेल तेव्हा तुझे पाहुणे गाद्यांसकट पोहतील. खोल्या हव्यातच तर जुन्या तेलघाण्यामागच्या खडकात, चारच, दारे दक्षिणेला. तिथे बार्लीसुद्धा उगवत नाही.

कलम ३. पहार, दोन कुदळी आणि पाणी भरून पातळी बघायची पारदर्शक नळी मुलगी मब्रूका हिला. भावाची हरकत असल्यास त्याने आधी पहार उचलून दाखवावी.

कलम ४. ज्या इंजिनिअरसाहेबांनी माझ्या नकाशाला "पोरांची चित्रकला" म्हटले, त्यांना त्याची एक प्रत, काचेच्या चौकटीत. चहा पितात त्या टेबलासमोर लावावी.

कलम ५. हे लिहायला चार दिवस लागले. आमच्याकडे ओढ्यात एकाखाली एक बांध असतात. वरच्या बागेचे पोट भरले की सांडव्यावरून पाणी खालच्या बागेला. माझ्याखालची बाग साल्हाची. एकोणीस वर्षांपूर्वी पुरात माझा सांडवा फुटला, मी नवा बांधला. साल्हा म्हणाली, उंच झालाय. मी पंचांसमोर नळी धरली आणि म्हणालो, "बाई खोटं बोलेल, नळी बोलणार नाही." पंच माझ्या बाजूने उठले. माझी अंजिरे फोफावली, तिची सात जैतुनाची झाडे वाळली.

यंदा नकाशासाठी तोच सांडवा पुन्हा मोजला. वडिलांच्या जुन्या सांडव्यापेक्षा चार बोटे उंच. त्या दिवशी नळीत हवेचा बुडबुडा राहिला असणार, आणि बुडबुडा शोधायचा असतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. सबब, माझ्या मृत्यूनंतर सांडव्याचा वरचा दगड काढून साल्हाच्या हवाली करावा.

पुरवणी, त्याच दिवशी. कलम ५ ऐकवायला साल्हाला बोलावले. तिने बदाम घातलेला चहा संपवला.

"म्हणजे तू मरेपर्यंत माझ्या झाडांनी तहानलेलं राहायचं?"

"फार वेळ लावणार नाही."

"तुझा बाप नव्वदीपर्यंत टिकला, नकाशेवाल्या. ऊठ, पहार घे."

दगड निघाला. नळी तिने धरली, आधी बोटाने टिचक्या मारून सगळे बुडबुडे हाकलले, मग माझ्याकडे बघितले. मी नळीचे दुसरे टोक धरले. पातळी बरोबर आली. सात रोपे मी रविवारी लावायची, असेही ठरले. मग मी परतताना गाऊ लागलो. ती म्हणाली, सूरसुद्धा चार बोटे उंच आहे.

सबब कलम ५ माझ्या हयातीतच पार पडले. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे, त्याने त्यावर साक्ष घालू नये. साल्हाला आता यातून काहीच मिळायचे नाही, म्हणून ती पात्र ठरते.

साक्षीदार १: साल्हा बिन्त मसऊद (कागदावरचा चिखल तिच्या हाताचा)
साक्षीदार २: लझहर, गावचा शाळामास्तर (सही करताना हसत होता)

सही: बेलगासेम बिन धाऊ
बनी झरदाब, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५
सांडव्याची उंची: वडिलांनी ठेवली होती तेवढी.