आपापल्या घरचा शिरका

आदरणीय मनांग पुरिंग,

तुझा हात मनातल्या मनात माझ्या कपाळाला लावला आणि लिहायला बसले. थोरल्या बहिणीला, माझ्या मनांगला, धाकटीचा नमस्कार पोचला असं समज. तुझी तब्येत बरी आहे ना? भावोजी झुंजीच्या कोंबड्याला अजून तुझ्याआधी जेवायला वाढतात का? (कोंबड्यालाही माझा नमस्कार सांग.) माझं विचारशील तर प्रकृती उत्तम आहे. अब्रू तेवढी तोळामासा झाली आहे.

बायकांच्या डॉक्टरीत तू माझ्या आधीची, तेव्हा तुला वेगळं सांगायला नको. या किनाऱ्यावरची निम्मी पोरं माझ्या हातावर जन्मली. बाळंतपणाला बायका हसत येतात, पण गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी म्हटलं की सगळं गाव ओस. कुणाला नेमके तेव्हाच मासे वाळवायचे असतात, कुणाचा नवरा नको म्हणतो (नवऱ्याला विचारावं तर त्या बिचाऱ्याला पत्ताच नसतो). आणि गेल्या वर्षी आंबट शिरका विकणाऱ्या म्हाताऱ्या नानाय तिबुर्सियांची लेक लुर्देस त्याच जागेच्या कॅन्सरने गेली. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती तिने. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या वेदना कमी करण्यापलीकडे मला काहीच करता आलं नाही. मनांग, मला अजून राग येतो, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नाही. म्हणून यंदा ठरवलं, आणखी एकही लुर्देस होऊ द्यायची नाही. बायका येत नसतील तर आपणच त्यांच्यात जायचं.

बास्केटबॉलच्या मैदानातून पोरांना हाकलून मी सभा घेतली. शास्त्र सांगावं ते स्वैपाकघरातून, हा सल्ला तुझाच (पुढचं सगळं खापर त्यामुळे तुझ्या डोक्यावर). मी सांगितलं, बायांनो, भिण्यासारखं काही नाही. शिरक्याचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, बिघाड असेल तिथे पांढरं दिसतं, आणि वेळेत दिसलं तर बरं करता येतं. शिरका म्हणजे तोच गं, तुम्ही माशाला लावता तो! हे शेवटचं वाक्य गिळलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

काल, शनिवारी, बायका आल्या. झुंडीने आल्या! मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. मग प्रत्येकीच्या काखेतली बाटली दिसली. दवाखान्यात जायचं तर कापसापासून हातमोज्यांपर्यंत सगळं घरून न्यायची आपली सवय. शिरका तरी परक्याचा का लावून घ्यावा? कुणी माडीचा आणला होता, कुणी उसाचा, एकीने सासूच्या रांजणातला (सासूसकट). बाकावर बाटल्या मांडल्या गेल्या, बोटं बुडवून चव घेणं सुरू झालं. 'तुझ्या शिरक्यात ते पांढरं दिसणार होय? त्यात मासा तरी मुरतो का!' यावर जी जुंपली ती थांबवताना माझा चष्मा गेला. नानाय तिबुर्सियांच्या बाटलीत तर लसूण, आलं आणि बुचापर्यंत लवंगी मिरच्या. मी किंचाळलेच. त्या म्हणाल्या, 'नुसता आंबट काय कामाचा? जरा झणझणीत असला म्हणजे रोग पळतो.' एवढ्यात आमचे गावप्रमुख शिरक्याची स्पर्धा आहे असं समजून भाजलेले मासे आणि भाताचं पातेलं घेऊन हजर! त्यांनी मिरच्यांच्या बाटलीला पहिलं बक्षीस दिलं, बायका जेवल्या, आणि तपासणी एकीचीही झाली नाही.

मी बाकावर चढून सगळ्यांना फैलावर घेतलं. माझं ओरडणं संपेपर्यंत नानाय तिबुर्सियांनी आपल्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाल्या, 'ओरडू नकोस गं डॉक्टरीणबाई. एकच सांग, तुझं कोण तपासतं?' मी नर्सकडे पाहिलं. नर्सने छताकडे पाहिलं. बायका खदखदून हसल्या, पण नानाय हसल्या नाहीत. 'माझी लुर्देसपण असंच म्हणायची. आधी पोरांचं बघू, घरातल्यांचं बघू, माझं नंतर. पुढच्या शनिवारी तपासणीच्या टेबलावर तू आधी झोप. मग मी झोपते. मग या सगळ्या, आणि जी येणार नाही तिला मी झिंज्या धरून आणते.' मी मान हलवली. गावप्रमुखांनी लगेच ती बातमी कर्ण्यावरून गावभर केली, माझ्या पूर्ण नावासकट.

बाकी सगळं ठीक. भावोजींना आणि मुलांना माझी आठवण सांग.

तुझी धाकटी,
फिदेला

ता. क. : आता मुद्द्याचं. या भागात ही तपासणी करणाऱ्या सगळ्या डॉक्टरणी माझ्याच हाताखाली शिकल्या. हात थरथरतो म्हणून ज्यांना मी रडवलं, त्यांच्यापुढे झोपायची माझी छाती नाही. मी झोपले नाही तर नानाय झोपणार नाहीत, आणि त्या नाहीत तर कुणीच नाही. तेव्हा शुक्रवारच्या बोटीने तूच ये. फोनवर सांगितलं असतं, पण माझं काम असलं की तो तुला ऐकू येत नाही.

आणखी एक ता. क. : नानायनी विचारलं, येणाऱ्या मनांगचं कोण तपासतं? तुझं उत्तर काय असणार ते मला ठाऊक आहे, आपण एकाच आईच्या लेकी. म्हणून तुझंही नाव कर्ण्यावरून जाहीर झालं आहे. मला तपासताना हात जरा हलका ठेव. मी उठले की लगेच तुझा नंबर, आणि तपासणार मी आहे.