शून्य नंबरची हजेरी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कारच घालणार होते, पण इथे दोन टेबलांच्या मध्ये तेवढी जागा नाही. तेव्हा बसल्या जागेवरून मनोभावे घातला असं समज. गुडघा कसा आहे? (डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटल्यावर तू उतरणंही बंद केलंस, असं आई सांगत होती. खरं का?) माझी तब्येत ठीक आहे, डोकं सोडून.

परवा फोनवर तू विचारलंस, चार वर्षं मी नक्की करते काय. सांगते म्हणाले खरी, पण फोन ठेवल्यावर वाटलं, हे मलाही कोणीतरी सांगायला हवंय. बघ, पुराचं पाणी कुठे शिरेल याचं गणित करणारा एक प्रोग्रॅम आहे. गणित अवाढव्य, म्हणून ते हजारो प्रोसेसरांत वाटायचं. शिलाई कारखान्यात तू कॉलर एकीला आणि बाही दुसरीला द्यायचीस, तसंच. पण एक हजार प्रोसेसर चाळीस मिनिटांत जे करायचे, त्याला दोन हजारांना बावन्न लागायला लागली. असं का होतं ते शोधणं हे माझं संशोधन. म्हणजे मी काम करत नाही, काम का होत नाही ते मोजते. (आईला या शब्दांत सांगू नकोस.)

मोजायला गेले, तर सगळेच्या सगळे शंभर टक्के कामात. सहा महिने मी त्यांच्या कष्टाळूपणाने भारावून गेले होते. मग कळलं की त्यातले बहुतेक एका जागी थांबून 'झालं का? झालं का?' एवढंच विचारत असतात, सेकंदाला लाखो वेळा, आणि विचारणं हेही कामातच धरलं जातं. (या न्यायाने माझ्या पदवीची चौकशी करणारे आपले नातेवाईक फार मेहनती आहेत.) थांबायचे कोणासाठी, तर शून्य नंबरच्या प्रोसेसरसाठी. आमच्यात मोजणी शून्यापासून असते. कोण किती वेळ घेतो त्याच्या तक्त्यात त्याचा एकट्याचा लांबलचक लाल पट्टा दिसला. माझ्या मार्गदर्शक सरांना तो इतका आवडला की त्यांनी तो मोठा छापून पॅसेजमध्ये लावला. त्यावर आम्ही शोधनिबंध लिहिला, तो परिषदेत स्वीकारला गेला, आणि यंदा पदवी नक्की असं मी आईला सांगून बसले.

आमच्या मशीनरूमचे तंत्रज्ञ (तिथे कायम गारठा, म्हणून सगळे त्यांना स्वेटरकाका म्हणतात) गेल्या मंगळवारी माझ्याकडे आले. तुमची एक फाइल फार फुगतेय, रोज कोणाची हजेरी घेता, असं त्यांनी सहज विचारलं. तेव्हा मला आठवलं. पहिल्या वर्षी एक चूक पकडायला मीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं, की दर पायरीला प्रत्येकाने आपला नंबर शून्याला सांगायचा, शून्याने तो लिहून घ्यायचा, आणि तोवर कोणी पुढे जायचं नाही. काढायला विसरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बिचारा शून्य तीन वर्षं माझी हजेरी लिहितोय, आणि मी त्याच्यावर आळशीपणाचा निबंध लिहिलाय.

सरांना सांगितलं तर निबंध मागे घ्यावा लागेल आणि पदवी लांबेल. नाही सांगितलं तर परिषदेत कोणीतरी विचारेलच. तीन वेळा त्यांच्या दारापर्यंत गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला आत बोलावलं आणि नव्या विद्यार्थिनीला लाल पट्ट्याचं महत्त्व समजावून सांगायला लावलं. मी सांगितलंही, चांगलं वीस मिनिटं. मला स्वतःची फार लाज वाटली. उद्या सकाळी सांगणार आहे.

गुडघा शेकत जा.

तुझी गोंधळलेली भाची

ता. क. : पत्राचं खरं कारण हे. पदवी एक वर्ष लांबणार, हे आईला तू सांग. तुझ्यापुढे ती रडत नाही.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी हजेरीची ओळ काढून प्रोग्रॅम चालवून पाहिला. वेळ घटण्याऐवजी बावन्नाची एकसष्ट मिनिटं झाली. सरांना सांगणार आहेच, पण आता नक्की काय सांगायचं ते कळत नाही. आईला एक वर्ष म्हणू नकोस. दोन म्हण.