गाडीतून उतरलेली बाई

सोमवार, ता. ५

चि. खारुताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी आली ती तुझी आत्या. बेलवर बोट ठेवलं ते मी दार उघडेपर्यंत काढलंच नाही. मला वाटलं कुठे आगबिग लागली की काय. आत आली, पाणी नको म्हणाली, खुर्ची नको म्हणाली, आणि तुझ्या विभागाचा तो वार्षिक अंक पिशवीतून काढून टेबलावर आपटला. माझा चष्मा उडून खाली पडला, त्याची दांडी ढिली झाली, पण तिचं लक्ष कुठे! तुझ्या गोष्टीचं पान उघडून विचारते, की पोरीला हे सांगितलं कुणी.

मी म्हटलं, काय सांगितलं? तर म्हणाली, साळसूदपणा करू नकोस आई. आता तूच सांग, साळसूदपणा करायला आधी काहीतरी माहीत असावं लागतं की नाही?

त्याचं असं झालं. तू अंकाच्या दोन प्रती पाठवल्यास ना, त्या मी आधी स्वतः वाचल्या. म्हणजे एकच वाचली, दोन्हीत तेच होतं. माझं वाचणं तुला ठाऊक, ओळीखाली बोट धरून. शिवणवालीनं मधे मधे मदत केली. एक बाई आहे, सगळे झोपलेले असताना चपला हातात घेऊन घराबाहेर पडते, स्टँडवर जाते, तिकीट काढते, गाडीत बसते आणि गाडी सुटायच्या आत उतरते. घरी येते तर हातात दुधाची पिशवी. कुणी काही विचारत नाही. संपलं. मी म्हटलं, अग हे काय, पुढचं पान चिकटलंय का? शिवणवाली म्हणाली नाही हो, अशाच असतात हल्ली. तिला मात्र पक्की खात्री आहे, की ती बाई म्हणजे तिची जाऊ.

पण माझ्या नातीचं नाव छापलेलं! माझी छाती अशी फुगली, की मी लगोलग तुझ्या आत्याकडे गेले आणि एक प्रत तिच्या हातात दिली. आता ती म्हणते ही बाई मीच आहे, आणि ही गोष्ट परीक्षेच्या पुस्तकात गेली तर या घराशी माझा संबंध संपला. आतोबांना कळता कामा नये असंही बजावलं. ते कसले वाचतायत, म्हणाली, आपल्या चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावरच्या अक्षरांपलीकडे त्यांनी कधी काही वाचलेलं नाही.

खारुताई, मला खरं सांग. तू तिथे शिकतेस तरी काय? तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, थापा मारायला एवढी मोठी पदवी कशाला, ती आपल्या घरात अंगणातच मिळते. आणि थापच असेल तर तुझी आत्या पांढरीफटक का पडली? मला संशय येतोय. तुझा येतोय का तिचा, ते अजून ठरलेलं नाही.

लोभ ठेव. संशय मी ठेवते.
तुझी आजी


गुरुवार, ता. ८

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून वाचलं. आजी, मला कुणीही काहीही सांगितलेलं नाही. ती बाई मी रचली. नखापासून केसापर्यंत रचली. आत्याच्या गळ्याची शपथ घेतली असती, पण सध्या ती शपथ तिला चालेलसं दिसत नाही.

इथे आम्ही काय शिकतो ते सांगते. आठवड्यातून दोनदा आम्ही गोल करून बसतो. ज्याचं लिखाण असेल त्याची पानं आधीच सगळ्यांनी वाचलेली असतात. मग एकेक जण बोलतो, कुठे कंटाळा आला, कुठे खोटं वाटलं. आणि ज्याचं लिखाण त्यानं तोंड उघडायचं नाही, हा आम्हाला शिकवणाऱ्या बाईंचा नियम. तुमचं पुस्तक वाचणाऱ्याच्या घरी जाऊन तुम्ही खुलासे देत बसणार आहात का, असं त्या विचारतात. मी तासभर जीभ दातांखाली धरून बसले होते.

आमच्या वर्गात एक काका आहेत, रेल्वेत तिकीट तपासनीस होते. आयुष्यभर लोकांना कुठून आलात, कुठे चाललात हेच विचारत आले, तेच वर्गातही करतात. ते म्हणाले, ही बाई सकाळी घरात शिरते आणि तिला कुणीच हटकत नाही हे पटत नाही. एक तर घरच्यांना तिचं काही पडलेलं नाही, नाहीतर तिच्या हातात काहीतरी असलं पाहिजे. मग मी तिच्या हातात दुधाची पिशवी दिली. म्हणजे दूध मूळचं माझंही नाही, तपासनीस काकांचं आहे.

परीक्षेसाठी लिहिलेलं माझं गोष्टींचं पुस्तक महिनाअखेर द्यायचंय. बाकीच्या गोष्टी या गोष्टीच्या आधारानं उभ्या आहेत. ती काढली तर उरलेल्या पुस्तकाला बाई मान्यता देणार नाहीत, म्हणजे माझं वर्ष गेलं. पण आत्यानं तोडलं तर पदवी घेऊन मी करू काय? ती म्हणत असेल तर काढते.

एक विचारू? आत्या खरंच कधी... जाऊ दे. नको सांगूस. म्हणजे सांग, पण तिला विचारू नकोस.

दांडी ढिली झालेला चष्मा घालून जिना उतरू नकोस.
तुझ्या लोभावरच जगणारी,
खारू


मंगळवार, ता. १३

चि. खारुताईस,
अनेक आशीर्वाद.

तो तिकीट तपासनीस कोण, कुठला, ते आधी कळव. या वयात शाळेत जातो, बायकोला काय सांगून जातो? आणि त्याला दूध कसं सुचलं? मला तो माणूस सरळ वाटत नाही.

बरं, आता बसून वाच. काल दुपारी आतोबा आले. एकटे. दुकान बंद ठेवून! हा मनुष्य स्वतःच्या मुंजीलासुद्धा उशिरा आला असेल, पण दुकान कधी बंद ठेवायचा नाही. आल्या आल्या दाराला आतून कडी घातली. मग पिशवीतून काय काढलं असेल? तुझा अंक.

तुला म्हटलं ना दोन प्रती होत्या. एक आत्याला घरी दिली, ते तुला सांगितलं. दुसरी त्याच दिवशी परत येताना दुकानात दिली, गिऱ्हाइकांना दाखवा म्हणून. एका घरात दोन प्रती जातील हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मला वाटलं, एक घरची, एक दुकानची. आता दोघं नवरा-बायको एकमेकांपासून एकच अंक लपवून बसलेत.

मी तुझ्या वर्गातल्यासारखी गप्प बसले. चांगला नियम आहे तुझ्या बाईंचा. समोरचा आपोआप ओकतो.

तर आतोबा म्हणाले, की लग्नाला थोडीच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी उठले तर शेजारची जागा रिकामी. थोड्या वेळानं तुझी आत्या आली, दूध आणायला गेले होते म्हणाली. आतोबा बरं म्हणाले आणि पिशवी ठेवायला फ्रीज उघडला. तर आत आदल्या संध्याकाळचं दूध, न फोडलेलं. त्यांनी त्याच्या शेजारी हे ठेवलं आणि दार लावलं. दोन दिवस दोघं नुसतं दूध पीत होती, पण इतकं दूध कशाला आणलंस हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तिनं कधी सांगितलं नाही. ती बाहेर कुठवर गेली होती हे त्यांना आता कळलं, तेही तुझ्या अंकात.

आणि बघ, रागावलेले नाहीत. दुखावलेत. त्यांना वाटतंय तिनं हे तुला सांगितलं. मला इतक्या वर्षांत नाही, आणि भाचीला सांगितलं, असं म्हणताना चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छ होता. मी म्हटलं पोरीनं रचलंय. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं गिऱ्हाईक तक्त्यावरची शेवटची ओळ दिसते म्हणून थाप मारतं तेव्हा बघतात.

जाताना दारात थांबले. म्हणाले, पोरीला एवढंच विचारा, ती बाई गाडीतून का उतरली? आणि हे बायकोला कळू देऊ नका.

म्हणजे आता तिनं मला त्यांची शपथ घातलीय, त्यांनी तिची. मी काय कुलूप आहे का दोन किल्ल्यांचं? आणि तू म्हणतेस रचलं. नुसतं रचलेलं असं बरोबर जाऊन कुणाच्या फ्रीजमध्ये बसतं का ग?

लोभ असेलच, पत्र मात्र लवकर यावं.
तुझी गोंधळलेली आजी


शुक्रवार, ता. १६

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

आतोबांना सांग, की मला माहीत नाही. ती का उतरली ते मला खरंच माहीत नाही. वर्गात याच्यावरून भांडण झालं होतं. कुणी म्हणालं घाबरली, कुणी म्हणालं प्रेम, तपासनीस काका म्हणाले तिकीट बरोबर होतं का ते बघा. बाईंनी सांगितलं, तुला माहीत नसेल तर वाचणाऱ्याला माहीत असल्याचं सोंग आणू नकोस, तसंच सोड. म्हणून सोडलं. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं. कुणी खरोखर उत्तराची वाट बघत बसेल हे मनातसुद्धा आलं नाही.

फ्रीजमधल्या दुधाचं वाचून मला लाज वाटली आजी. रचलेलं खरं निघालं म्हणून आनंदही झाला, त्याची जास्त लाज वाटली. तू त्या दोघांपैकी कुणालाच आणखी काही बोलू नकोस. मी गोष्ट काढून घेते. बाईंना आज सांगितलं. त्या म्हणाल्या, घाई करू नकोस, सोमवारपर्यंत थांब. मी थांबणार नाही असं वाटतंय.

आणि कृपा करून काही शहाणपणा करू नकोस. तुझं शहाणपण मला माहीत आहे.

तुझी,
खारू


बुधवार, ता. २१

चि. खारुताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शहाणपणा केला. ओरडू नकोस, आधी वाच.

आतोबांना निरोप पाठवला, की चष्म्याची दांडी ढिली आहे, घरी येऊन बसवून द्या, मला पायऱ्या उतरवत नाहीत. ते खरंच होतं. तुझ्या आत्याला निरोप पाठवला, की शिवणवालीनं पडदे आखूड केलेत, येऊन बघ. तेही खरंच होतं, ती नेहमीच आखूड करते. वेळ दोघांना एकच दिली, एवढंच काय ते माझं.

आत्या आली तेव्हा आतोबा खिडकीपाशी बारका स्क्रू शोधत होते. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. मधे टेबलावर तुझा अंक होता, आतोबा त्या दिवशी विसरून गेलेला. मी ठेवला नव्हता. म्हणजे ठेवला होता, पण मुद्दाम नाही. बरं, मुद्दाम.

शेवटी आतोबांनी मान वर न करता, स्क्रू फिरवता फिरवता विचारलं, की या गोष्टीतली बाई का उतरते?

तुझी आत्या माझ्याकडे अशी बघायला लागली, की आता गिळतेच. मी शपथेवर सांगितलं मी बोलले नाही. मग ती त्यांच्याकडे वळली, तुम्हाला कधीपासून माहीत आहे म्हणाली. ते म्हणाले, दुसऱ्या पिशवीपासून. हे ऐकल्यावर ती मटकन पलंगावर बसली. मला वाटलं आता रडणार. मीही पदर हाताशी घेतला.

तर ती म्हणाली, चुकीच्या गाडीत बसले होते.

खरंच! गाडी सुटायला आली तेव्हा शेजारच्या बाईनं विचारलं कुठे उतरणार, तेव्हा कळलं की ही गाडी भलतीकडेच जाणार. म्हणून उतरली. आतोबांचं तोंड बघण्यासारखं झालं. इतकी वर्षं बिचाऱ्यांना वाटत असणार, की आपल्यासाठी परत आली. थोड्या वेळानं हळूच म्हणाले, मग बरोबर गाडी का नाही धरलीस? तर म्हणते, तिला पुष्कळ वेळ होता, उगाच उभं काय राहायचं म्हणून दूध घेतलं. आणि मग दूध हातात घेऊन कुठे जाणार? नासलं असतं.

आतोबा घट्ट झालेला स्क्रू आणखी घट्ट करत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, बघते तर हसू आवरत नव्हतं. तीही हसली. मग रडलीसुद्धा थोडी, पण ते मोजायचं नाही. बरोबर गाडीनं तू कुठे जाणार होतीस, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली घरी जाताना सांगते, आईसमोर नाही. जन्म मी दिला, आणि आईसमोर नाही!

आता तुझं. आत्या म्हणाली, गोष्ट राहू दे. काढली तर माझ्याशी गाठ आहे. पोरीनं रचलं ते पोरीचं, त्यावर माझा हक्क नाही. पण चुकीची गाडी आणि नासणारं दूध माझं आहे, ते तिला सुचलेलं नाही. हे तिला कळव, आणि लिहायचं नाही हेही कळव. तेव्हा कळवलं. आजच्या आज तुझ्या बाईंकडे जा आणि गोष्ट परत दे.

खरं सांगू? मला ती चुकीची गाडी काही पटत नाही. पाटी न वाचता गाडीत चढणारी तुझी आत्या नव्हे. लहानपणी खेळण्यातल्या गाडीलाही पाटी लावायची. आतोबांना हसवायला रचलं असेल, नाहीतर मला चकवायला. म्हणजे हे रचण्याचं खूळ तुला कुठून आलं ते आता शोधायला नको. तुझ्यावरही माझा भरवसा नाही. हे वाचता वाचता पाकिटाच्या मागे काहीतरी टिपून घेत असशील. पेन खाली ठेव.

चष्मा आता इतका घट्ट बसलाय की कान दुखतात, पण तुझ्यावरचा लोभ तेवढाच घट्ट आहे.
तुझी आजी

ता. क. – तू ती गोष्ट स्वतः वाचून दाखवावीस अशी दोघांची इच्छा आहे. आत्या अंक हातात धरून बसणार, एक शब्द इकडचा तिकडे झालेला चालणार नाही म्हणाली. एकाच रिक्षातून गेले. येत्या रविवारी सकाळी पुन्हा येतो म्हणालेत, तेव्हा तूही ये.